ॲपमधून पैसे काढायला कर मागतायत? एक रुपयाही भरू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सासरे निवृत्त, कुणीतरी टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये ओढलं, यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं, टेथर कंपनीचं क्रिप्टो नाणं) ट्रेडिंगचं ॲप दिलं. दोन महिन्यांत त्यांनी ४ लाख ३० हजार भरले. मध्ये एकदा ८ हजार काढून बघितले, ते आले. ॲपमध्ये आता १९ लाख दिसतायत आणि काढायला गेलं की म्हणतात, 'नफ्यावर ३० टक्के कर आधी भरा'. म्हणजे ४ लाख ४१ हजार. सासरे एफडी मोडायला निघालेत.

भरू नका. आधी एफडी मोडण्यापासून त्यांना थांबवा, बाकीचं उत्तर सावकाश वाचा.

कराचा आकडा खरा आहे, म्हणूनच त्यांना पटलाय. क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. पण टीडीएस मिळणाऱ्या रकमेतून कापला जातो आणि आपल्या पॅनवर जमा दिसतो. ३० टक्के आपण आयकर खात्याला भरायचे असतात. 'ॲपच्या खात्यात कर टाका' असं कोणत्याही कायद्यात नाही. सासऱ्यांना फक्त एक विचारा: १९ लाख तिथे आहेत ना, मग त्यातूनच ४ लाख ४१ हजार कापून उरलेले द्या म्हणावं. ते देणार नाहीत, कारण तिथे १९ लाख नाहीत. तो आकडा त्यांनीच टाइप केलाय.

आता ते ८ हजार. 'आधी थोडे काढून बघा, आले तर खरं' असं मीही बरीच वर्षं सांगत आलो. आता सांगत नाही. माझा मावसभाऊ अशाच ॲपमध्ये फसला, त्यानेही तीनदा पैसे काढले होते. तिसऱ्या वेळी २५ हजार आले, आणि त्याच भरवशावर त्याने वहिनीच्या पाटल्या गहाण ठेवल्या. गळाला लावलेलं गांडूळही खरंच असतं. शिवाय ते ८ हजार बहुधा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतले असतील, म्हणजे उद्या त्या रकमेपायी सासऱ्यांचंच खातं गोठू शकतं. तक्रारीत ही जमाही लिहा, लपवू नका.

खरं-खोटं ओळखायचंय तर ॲप बघू नका, पासबुक बघा. मावसभावाचं पासबुक घेऊन आम्ही दोघं रात्री स्वयंपाकघरात बसलो होतो. पैसे सातदा गेले होते आणि सातही वेळा नाव वेगळं: एक कुठलं तरी ट्रेडर्स, एक मोबाइलचं दुकान, एक चक्क दूध डेअरी. ॲपवर सोनेरी अक्षरात 'ग्लोबल' लिहिलेलं, आणि पैसे डेअरीला! ही भाड्याने घेतलेली खाती असतात. पैसे आले की तासाभरात पुढे. तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला होता. मी तासभर समजावून जे झालं नव्हतं, ते तिथे झालं. तुम्हीही सासऱ्यांसमोर पासबुकच उघडा, आणि 'तुम्हाला एवढंही कळलं नाही का' हे वाक्य घरात कुणी उच्चारू नका. लाज वाटली की माणूस पुढचे पैसे चोरून भरतो.

आजच्या आज करायचं ते सांगतो. तक्रार करतोय किंवा संशय आलाय याचा ग्रुपवर पत्ताही लागू देऊ नका, कारण टेलिग्रामवर समोरचा तुमच्याकडचीही चॅट पुसू शकतो. दुसऱ्या फोनने सगळी चॅट, ॲपमधले आकडे, त्यांनी दिलेले खाते क्रमांक यांचा व्हिडिओ काढा. मग प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला नंबर), तारीख, रक्कम कागदावर उतरवा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. पैसे जितके ताजे, तितकी ते वाटेतल्या एखाद्या बँकेत अडण्याची शक्यता जास्त. दोन महिन्यांपूर्वीचे कठीण आहेत, मागच्या आठवड्यातले कदाचित सापडतील. सासऱ्यांनी स्वतः यूएसडीटी विकत घेऊन पाठवले असतील तर व्यवहाराचा हॅश (त्या व्यवहाराचा लांबलचक ओळख क्रमांक) आणि ज्या वॉलेटला पाठवले त्याचा पत्ता द्या. टेथर कंपनी पोलिसांच्या विनंतीवरून एखादा पत्ता गोठवू शकते. बिटकॉइनला तेवढीही सोय नाही.

ॲप प्ले स्टोअरऐवजी लिंकवरून एपीके फाइल म्हणून घेतलं असेल तर पुरावे काढून झाल्यावर ते उडवा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

पुढे कधी क्रिप्टो घ्यायचंच असेल तर एक्स्चेंज (क्रिप्टो खरेदी-विक्रीचं ॲप) एफआययू-इंडियाकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, नोंदलेलं आहे का ते बघा. मार्च २०२३ पासून ही सेवा देणारे मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली येतात. पण नोंदणी म्हणजे हमी नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली तेव्हा ग्राहकांचे पैसे अडकलेच. वॉलेट उघडायची किल्ली असलेले १२ किंवा २४ शब्द कुणालाही, कस्टमर केअरलाही, सांगायचे नाहीत. आणि ठरलेला परतावा म्हटला की उठायचं. गेनबिटकॉइन या फसव्या योजनेवाले बिटकॉइन घेऊन महिन्याला १० टक्के परतावा, १८ महिने, असं सांगत होते. पुढे लोकांच्या हातात बिटकॉइनऐवजी त्यांचंच एमकॅप नावाचं टोकन आलं. पुण्यात त्यात पोळलेले लोक आजही भेटतात.

त्याच प्रकरणात पोलिसांनी तपासाला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना मार्च २०२२ मध्ये अटक झाली. जप्त करायचे बिटकॉइन स्वतःकडे वळवल्याचा आरोप. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्याकडेही आता 'तज्ज्ञ' येतील. तक्रारीनंतर पंधरवड्याच्या आत मावसभावाला फोन आला: तुमचे पैसे ट्रेस झालेत, फक्त १२ हजार प्रोसेसिंग फी. बोलणाऱ्याला त्याने किती भरले होते ते शंभराच्या नोटेपर्यंत पाठ होतं. कुठून कळलं असेल? ज्यांनी घेतले त्यांच्याशिवाय कुणाला माहीत होतं? सासऱ्यांचा फोन काही आठवडे तुम्हीच उचला.