ईएन८ च्या शाफ्टला वेल्डिंग केलं की दुसऱ्या दिवशी चीर पडते, सीओटू मशीन घेतली तर थांबेल का?

तुम्ही लिहिलंय की ६५ एमएमच्या ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील) शाफ्टला एमएसचा (साधं, कमी कार्बनचं माइल्ड स्टील) फ्लँज ७०१८ रॉडने (कमी हायड्रोजनचा वेल्डिंग रॉड) लावला, बीड (वेल्डची ओळ) एकदम सरळ, अंडरकट (कडेला पडणारी खाच) नाही, पोरॉसिटी (वेल्डमधली बारीक भोकं) नाही, आणि सकाळी येऊन बघता तर बीडच्या कडेला शाफ्टच्या बाजूने केसासारखी चीर, ती पण तीन नगांना. कारीगर म्हणतोय सीओटू घ्या (रॉडऐवजी वायर आणि सीओटू गॅसवर वेल्डिंग करणारी मशीन). नुसत्या मशीनने थांबणार नाही, आधी कारण समजून घ्या.

मी बडोद्याचा, कलाभवनात (तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज) मेटलर्जी केलं आणि नंतर मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहत) फॅब्रिकेशनच्या क्वालिटीत बरीच वर्षं काढली, त्यामुळे ही चीर मी बऱ्याच वेळा बघितलीय. एक तर अशीच चौमासातली. एका शेडमध्ये जाड प्लेटचे लिफ्टिंग लग (माल उचलायला लावलेले कान) होते, ७०१८ चं पाकीट आदल्या दिवशी फोडलेलं आणि रात्रभर खिडकीपाशी पडलेलं, बाहेर पाऊस. कोणीच ते बेक केलं नाही (ओव्हनमध्ये तापवून ओलावा काढला नाही) आणि मीही विचारलं नाही. संध्याकाळी डीपी टेस्ट (लाल रंग लावून चीर शोधायची तपासणी) मीच केली, एकदम क्लीन, माल गेला. तिसऱ्या दिवशी साइटवरून फोन, दोन लगांना कडेला चीर. कोणाच्या अंगावर पडलं नाही हे नशीब, पण तो फोन मी अजून विसरलो नाही.

होतं काय, रॉडच्या कोटिंगमधला ओलावा, जॉबवरचं तेल, गंज, पेंट हे सगळं आर्कमध्ये जळतं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. हायड्रोजनचा अणू इतका बारीक की घट्ट लोखंडातून पण सरकत जातो. वितळलेल्या धातूत तो भरपूर मुरतो, गार होताना मात्र त्याला जागा उरत नाही. आता ईएन८ सारख्यात गंमत अशी की बीडमध्ये कार्बन कमी, म्हणून बीड आधी बदलतो (ऑस्टेनाइटमधून फेराइटकडे, म्हणजे स्टीलच्या गरम रचनेतून गार रचनेकडे) आणि हायड्रोजन शेजारी ढकलतो, शेजारचा शाफ्टचा पट्टा तेव्हा अजून ऑस्टेनाइटच असतो, तो हायड्रोजन पिऊन घेतो आणि मग स्वतः मार्टेन्साइट, म्हणजे कडक आणि ठिसूळ रचना होतो. वर बीड आकसताना त्याला ओढत असतो. कडकपणा, हायड्रोजन, ताण, तिन्ही एकाच जागी, आणि सगळं गार झाल्यावर. म्हणून चीर बीडमध्ये नाही, कडेला येते, आणि लगेच नाही, काही तासांनी किंवा दोन दिवसांनी पण येते. म्हणूनच अशा जॉबची शेवटची तपासणी ४८ तासांनी करतात. मी त्या दिवशी संध्याकाळीच केली होती.

कॉलेजात एकदा असाच तुकडा कापून, पॉलिश करून, नायटलने (ॲसिडच्या द्रावणाने) एच करून, म्हणजे रचना उठून दिसेल असं करून, मायक्रोस्कोपखाली ठेवला होता. वेल्डच्या कडेने सुयांसारखं मार्टेन्साइट आणि त्यातूनच वाट काढत गेलेली चीर. हे एकदा डोळ्याने बघितलं की बीडच्या देखणेपणावर विश्वास बसत नाही.

ईएन८ किती नाजूक ते आकड्यात बघा. स्टील वेल्डिंगला किती कडक होईल याचा अंदाज देणारं कार्बन इक्विव्हॅलंटचं सूत्र आहे, कार्बन अधिक मँगनीज भागिले ६ (पुढे क्रोम, मॉली, निकेलचे भाग पण येतात, ते इथे नगण्य). ईएन८ मध्ये कार्बन साधारण ०.४० टक्के, मँगनीज ०.८० धरा, उत्तर ०.५३ येतं. ०.४५ च्या वर गेलं की प्रीहीट (वेल्डिंगआधी जॉब तापवणं) हवाच असं समजा. एमएसला प्रीहीट न करता चालतं म्हणून कारीगराला ईएन८ पण तसंच वाटतं, दोन्ही दिसायला सारखेच ना.

आता सीओटूचं. सॉलिड वायरवर फ्लक्सच (रॉडच्या कोटिंगसारखा थर) नसतो त्यामुळे हायड्रोजन बराच कमी, हा फायदा खरा आहे. पण शाफ्ट गार असेल तर कडेला मार्टेन्साइट तसंच होणार, आणि वायरला तेल-गंज असेल किंवा फ्लक्स कोर वायर (पोटात फ्लक्स भरलेली) ओली झाली असेल तर हायड्रोजन पण परत आला. शिवाय कमी करंटवर जाड जॉबला सीओटू वरून छान दिसतं पण आत साइडला धरतच नाही, फ्यूजनच नाही (धातू वितळून एकजीवच होत नाही), हा दोष रेडिओग्राफीत पण कधी कधी सुटतो, अल्ट्रासॉनिकला लवकर सापडतो. आणि उघड्या शेडमध्ये वारा गॅस उडवतो, मग पोरॉसिटी.

पद्धतीवर खापर फोडायची सवय जुनीच आहे. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला स्केनेक्टडी नावाचं नवीन तेलवाहू जहाज धक्क्याला उभं असताना, शांत पाण्यात, मधूनच तडकलं. लोक म्हणाले वेल्डिंगचं जहाज म्हणून झालं, रिव्हेट असते तर टिकलं असतं. पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी अशा जहाजांच्या स्टीलवर काम करून दाखवलं की ते स्टीलच थंडीत ठिसूळ व्हायचं. वेल्डमधल्या दोषांपासून चीर सुरू व्हायची हे खरं, पण ती पळायची स्टीलमुळे.

तर तुमच्यासाठी: रॉड ३०० ते ३५० डिग्रीला एक-दोन तास बेक करा, मग १२० च्या आसपास ओव्हनमध्ये ठेवा आणि लागतील तेवढेच काढा (हे ७०१८ साठी, ६०१३ हे साधे रॉड इतके तापवू नका, त्याच्या कोटिंगला थोडा ओलावा लागतोच). शाफ्ट ग्राइंडरने चकचकीत करा, तेल पुसा. बर्नरने सगळीकडून सारखा २०० च्या आसपास तापवा, हात लावून अंदाज नको, टेम्परेचर चॉक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू) घ्या. मध्ये चहाला जाऊ नका, म्हणजे जॉब गार होऊ देऊ नका, जावंच लागलं तर परत तापवून मग रन (वेल्डचा पुढचा थर) मारा. झाल्यावर कोरड्या राखेत किंवा चुन्यात दाबून हळूहळू गार करा. पाणी ओतून गार करायची सवय काही शेडमध्ये आहे, ती आजच बंद करा.

चीर गेलेल्या तीन नगांवर वरून बीड मारू नका, चीर खालीच राहते. पूर्ण ग्राइंड करून काढा, डीपी मारा, एकही लाल रेघ दिसली नाही की मगच प्रीहीट करून भरा. आणि त्याआधी शाफ्टचा उरलेला एखादा तुकडा घेऊन एक टोक तुमच्या नेहमीच्या पद्धतीने, दुसरं वरच्या पद्धतीने वेल्ड करा, दोन दिवस ठेवा, डीपी करा आणि कारीगराला शेजारी उभं करून दाखवा. मशीनची किंमत त्यानंतर विचारा.