अमेरिकेतले हौशी नेमबाज काडतुसं घरी का भरतात? दुकानातली परवडत नाहीत का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मुलगा नेमबाजी शिकतोय, त्याच्याबरोबर व्हिडिओ बघताना हा प्रकार दिसला आणि तुम्हाला तो ‘एकतर कंजूषपणा, नाहीतर खूळ’ वाटला. ‘खूळ’ वाचलं आणि लिहायला बसले. हाच शब्द मला पुण्यातल्या एका रेंजवर चारचौघांत ऐकवला गेलाय.

पैशांचं आधी उरकते. काडतुसात सगळ्यात महाग असते ती पितळी पुंगळी, आणि गोळी सुटल्यावर तीच शाबूत उरते. नीट सांभाळली तर पाच-दहा वेळा परत भरता येते. नवीन लागतं ते प्राइमर (दारू पेटवणारा ठिणगीचा मसाला), दारू आणि गोळी. म्हणजे दर काडतुसामागे पैसे वाचतात हे खरं. पण माझा मावसभाऊ डेन्व्हरजवळ राहतो, वीसेक वर्षं भरतोय, त्याचा खर्च काही कमी झालेला नाही. जेवढे वाचतात तेवढ्याच्या तो आणखी गोळ्या झाडतो. काही जणांकडे आजोबांच्या वेळची बंदूक असते, तिची काडतुसं बाजारात मिळेनाशी झालेली असतात, म्हणून ते भरतात. ही सगळी कारणं खरी आहेत, पण वरवरची. नेम चुकला तर चूक आपली की काडतुसाची हे नक्की कळावं, यासाठी माणूस एवढा खटाटोप करतो. हे मला कसं पटलं ते सांगते.

2014 ची गोष्ट. मी 10 मीटर एअर रायफल खेळायचे. तेव्हा महिलांना 40 च शॉट असायचे, 60 झाले ते 2018 पासून. या प्रकारात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, साडेचार मिलिमीटरची. एक गुण म्हणजे अडीच मिलिमीटर. पेलेट एक मिलिमीटर सरकली की 0.4 गुण गेले. आणि दशांशात गुण धरायला लागल्यापासून याच 0.4 वर फायनल ठरते.

त्या स्पर्धेत माझे पहिले 18 शॉट मनासारखे गेले. जुना डबा तिथे संपला. नवा उघडला. तीच कंपनी, झाकणावर तोच 4.50 चा आकडा. फक्त लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला माल, वेगळा, आणि तो मी बघितला नव्हता. पुढचाच शॉट 9.7. मग 10.3, मग 9.6, मग परत 10.5. रायफल खांद्याला तशीच लागत होती, श्वास तसाच, ट्रिगर सुटताना रिंग मधोमध दिसत होती, आणि मॉनिटरवर शॉट कधी डावीकडे, कधी खाली. एकाच बाजूला गेले असते तर साइट (रायफलवरचं नेम धरायचं साधन) फिरवली असती. तसंही नव्हतं. मी स्वतःवर शंका घ्यायला लागले. खांदा तपासला, पाय हलवले, आणि त्या चुळबुळीत खरोखरच दोन शॉट घालवले. नववी आले. फायनलला आठ जण जातात. आठव्या मुलीपेक्षा मी 0.7 ने मागे होते.

आमच्या त्या वेळच्या सरांना म्हटलं, सर, पेलेटचा लॉट बदलला होता. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “डब्याला दोष देणारी मुलगी फायनलला जात नाही. हे खूळ डोक्यातून काढ.” मी गप्प बसले. पण डबा टाकला नाही.

पंधरा दिवसांनी ओळखीच्या एकांच्या वर्कशॉपमध्ये बॅरल, म्हणजे रायफलची नळी, व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळलं. माणूस मधून बाजूलाच झाला. मग त्या दोन्ही लॉटचे दहा-दहा शॉट कागदावर घेतले. जुन्या लॉटच्या पेलेट्स मी घरी एका डबीत बाजूला ठेवल्या होत्या म्हणून हे जमलं. जुन्याचे दहाही एका भोकात, बाहेरून बाहेर मोजलं तर 6 मिलिमीटर. नव्याचे साडेआठ. म्हणजे मी सगळं बरोबर केलं असतं तरी त्या डब्याने मला अधूनमधून 10.2 पर्यंत खाली नेलंच असतं, आणि त्यात माझी जराशी चूक मिळाली की साडेनऊवर. कागद सरांना दाखवायला नेला. त्यांनी न बघता घडी घालून परत दिला.

2019 मध्ये मावसभावाकडे गेले होते तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये बसल्यावर हे सगळं परत आठवलं. तो तीनशे-आठ कॅलिबरची रायफल घेऊन हजार यार्डांवर खेळतो. तिथे गोळीच्या वेगात सेकंदाला तीसेक फुटांचा फरक पडला तरी लक्ष्यावर ती साधारण वीतभर वर-खाली लागते. दुकानातलं काडतूस सगळ्यांच्या बंदुकीत चालावं म्हणून बनवलेलं असतं. त्याला ते फक्त त्याच्या बॅरलसाठी हवं असतं. म्हणून तो झाडलेल्या पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घोळवून लख्ख करतो, प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणतो, लांबी मोजतो, आणि दारू वजन करून भरतो.

ते वजन करणं मी तासभर बघत होते. पितळी पारड्याचा छोटा काटा. शेवटी शेवटी दारूचा एकेक दाणा पडायचा. काटा रेघेवर यायचा आणि एखादा जास्त झाला तर दादा चिमट्याने उचलून घ्यायचा. अगदी माझे बाबा. बाबा सोन्या मारुती चौकाजवळ एका पेढीवर कारागीर होते, सोन्याचा कण असाच चिमट्याने उचलायचे. मी तिथूनच त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी विचारलं, दारू ज्यात मोजतोस ते हे ग्रेन म्हणजे किती? दादाने सांगितलं, तोळ्याचे 180. बाबांचा हिशेब तयार, तोळ्याच्या गुंजा 96, “म्हणजे गुंजेचे जवळजवळ दोन.” मग लगेच म्हणाले, “काटा आधी रिकामा बघितलास का रे?” दादाने हसून वजनाचा ठोकळा दाखवला. भरायला बसण्याआधी तो ठोकळा ठेवून बघतो, मग वहीत लिहितो. तारीख, पुंगळी कितव्यांदा भरली, वजन, त्या दिवशीची हवा, आणि शेवटी ग्रुप, म्हणजे शॉट एकमेकांच्या किती जवळ बसले ते. पितळ वारंवार झाडून आणि दाबून कडक होतं, तोंडाशी तडकतं, म्हणून अधूनमधून त्याला ताव देऊन मऊ करावं लागतं. हे बाबांना सांगायची गरजच पडली नाही, त्यांनीच विचारलं.

त्या वहीत एक पान होतं, ग्रुप फाटलेला. बाजूला लिहिलेलं, ‘काडतुसं ठीक. मी घाई केली.’ हे वाक्य तो छातीठोकपणे लिहू शकतो, कारण काडतूस त्याने स्वतः भरलंय. मी 2014 मध्ये ते लिहू शकले नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न येणार नाही. एअर रायफलमध्ये भरण्यासारखं काही नसतं. आणि पुढे तो पॉइंट टू-टू (.22) रायफलकडे गेला, म्हणजे स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं त्या 50 मीटरच्या प्रकाराकडे, तरी ते काडतूस घरी भरण्यातलं नाही. त्याचं प्राइमर पुंगळीच्या काठातच ओतलेलं असतं. त्यामुळे तिथले मोठे खेळाडू लॉट निवडतात. स्वतःची रायफल घेऊन काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांकडे, बर्मिंगहॅमला एलीच्या कारखान्यात, नाहीतर जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या केंद्रात जातात, वेगवेगळे लॉट झाडून बघतात आणि जमेल तो लॉट पेट्यांनी उचलतात. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं, 10.4 मिलिमीटर. ज्यांच्या गळ्यात पदकं आहेत ते हे करतात. त्यांना कुणी खूळ म्हणत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पहिली, घरी काडतूस भरण्यात खरोखर धोका आहे. दारू चुकीची पडली किंवा एकाच पुंगळीत दोनदा पडली तर बंदूक हातात फुटते. दादा भरताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. दुसरी, आपल्याकडे परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात काडतुसं बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच धरली आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून आपल्या गावात आहे, पण परवान्याशिवाय घरात एक पुंगळीही भरायची मुभा नाही. व्हिडिओ बघा, तेवढंच.

आणि हेही कबूल करते की बहुतेक वेळा चूक नेमबाजाचीच असते. मुलगा पहिल्या-दुसऱ्या वर्षात असेल तर पेलेटमुळे त्याचं काही अडत नाही, आधी उभं राहणं जमू दे. पण ग्रुप आवळत आला की डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहायला लावा. नवा डबा स्पर्धेत कधीही उघडू देऊ नका. आणि एकदा बॅरल व्हाइसमध्ये आवळून दोन लॉटचे दहा-दहा शॉट त्याच्यासमोर घ्या, कागद त्याच्या हातात द्या. त्याचे सर नको म्हणाले तरी घ्या.