ऑनलाइन ग्रंथालयात आधी काय आणावं, नवा शोध की संदर्भ देणारं बटण?

तुम्ही विचारलंय की संस्थेच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोध सुधारायचा आहे, लेखनात टाकायला पुस्तकाचा तयार संदर्भ देणारं बटणही हवंय आणि हाताशी प्रोग्रॅमर दोनच आहेत, तर सुरुवात कशापासून करावी. दोन्ही थांबवा आणि आधी नोंदी तपासा, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचं शीर्षक, लेखक, साल ही लिहून ठेवलेली माहिती. मी बरीच वर्षं तालिकीकरण, म्हणजे अशा नोंदी करण्याचं काम केलंय, म्हणून इतकं ठामपणे सांगतेय.

आमच्याकडे हे बटण घाईने आलं. डब्लिन कोअर या नोंदींच्या प्रमाण साच्याच्या मूळ १५ घटकांत तारखेला एकच घटक आहे. पुस्तक छापल्याची तारीख, स्कॅन केल्याची, संकेतस्थळावर चढवल्याची, सगळ्या त्यात बसतात. सॉफ्टवेअर या तारखा वेगळ्या ठेवू शकतं, पण संदर्भात कुठली घ्यायची हे माणसानेच सांगावं लागतं. आमच्याकडे चढवल्याची तारीख घेतली गेली. ऐंशी वर्षांपूर्वीचा लेख दोन वर्षांपूर्वीचा झाला. संपादित ग्रंथांतल्या लेखांवर लेखक म्हणून संपादकाचं नाव लागलं. अनुवादक तर कुठेच उरले नाहीत.

हे मी बटण सुरू होण्याआधीच बैठकीत सांगितलं होतं. प्रकल्पप्रमुख म्हणाले, "आधी लोकांना वापरू द्या, चुका असतील तर तेच कळवतील." एकानेही कळवलं नाही. ज्याला साल माहीत असतं तो बटण दाबत नाही आणि जो दाबतो त्याला साल माहीत नसतं, मग कळवणार कोण?

मग एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी प्रबंध घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. परीक्षकांनी तिला विचारलं होतं, हयात नसलेल्या लेखकाने हा लेख दोन वर्षांपूर्वी कसा लिहिला? एका प्रकरणातले जवळजवळ सगळे संदर्भ तिने आमच्या बटणावरून घेतले होते. आम्ही दोघी दोन दिवस बसलो, एकेक शीर्षकपृष्ठ उघडून साल, लेखक, पृष्ठक्रमांक उतरवून घेतले. ती सारखी माझीच माफी मागत होती. प्रमुखांचं म्हणणं पडलं की तिने तपासायला हवं होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. बटणावर ग्रंथालयाचं नाव असेल तर चूकही ग्रंथालयाचीच. शोधात चुकीचं पुस्तक आलं तर वाचक पुढे सरकतो. चुकीचा संदर्भ प्रबंधात छापला जातो, तिथून दुसरा कोणी उचलतो, आणि तो मागे घेण्याची सोय कुणाकडेच नसते.

बटण आणालच तेव्हा संदर्भशैली, म्हणजे संदर्भ मांडायचे नियम, स्वतः लिहीत बसू नका. सीएसएल या शैली लिहिण्याच्या खुल्या भाषेत १०,००० हून जास्त शैली तयार आहेत आणि झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअरही त्याच वापरतं. बिबटेक आणि आरआयएस या संदर्भांच्या फायलींच्या दोन्ही स्वरूपांत नोंद उतरवून घेता आली पाहिजे. आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत ठेवा, नाहीतर शैली बदलली की नावांची उलटापालट होते. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर पूर्ण दुव्यासकट द्या.

शोधाचं म्हणाल तर सोलर किंवा इलॅस्टिकसर्च हे शोधाचं तयार सॉफ्टवेअर घ्या. दोन्ही ल्यूसीन या शोधाच्या मूळ सॉफ्टवेअरवर उभे आहेत आणि निकालांचा क्रम लावणारं बीएम२५ हे सूत्र त्यांत आयतं मिळतं. शीर्षक आणि लेखक यांना आतल्या मजकुरापेक्षा जास्त वजन द्या, नाहीतर नेमकं त्या नावाचं पुस्तक खाली राहतं आणि तळटीपेत तो शब्द असलेली पुस्तकं वर येतात. पण सालानुसार गाळणी लावाल ना, ती त्याच तारखेच्या रकान्यावर चालते. आमच्या नव्या शोधात जुन्या काळाची मर्यादा घातली की जवळजवळ काहीच सापडत नसे. 'आधी शोध, नोंदी नंतर' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर मला कधी दिलं नाही.

एक मात्र आहे. तुमच्या नोंदी प्रशिक्षित माणसांनी पुस्तक हातात घेऊन केलेल्या असतील तर माझी भीती तुम्हाला लागू नाही, उद्यापासून शोधाचं काम सुरू करा. खात्री करायला कुठल्याही २०० नोंदी काढा आणि शीर्षकपृष्ठाशी ताडून पाहा. त्या वेळी दोन्ही प्रोग्रॅमरना शेजारी बसवा. आमच्याकडे त्यांना कधी बोलावलंच गेलं नाही.