कंडम गाडी आणि तुका म्हणे

प्रिय चिऊ,

तू फोनवर विचारलंस, "बाबा, अभंग स्वतःच रचायचा आणि शेवटी 'तुका म्हणे' म्हणून स्वतःचंच नाव घालायचं, ही बढाई नाही का?" तेव्हा गॅरेजमध्ये गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं, म्हणून आता लिहितो.

इथं शारजात माझ्या शेजारच्या रॅम्पवर बांगलादेशातल्या सिल्हेटचा एक मेकॅनिक आहे. त्याच्या मोबाइलवर एक गाणं सारखं चालू असतं. गाडी चालत नाही, असं गाणं! मालकानं टाकी भरून तेल दिलं होतं, पण चालवणारा ड्रायव्हर म्हणजे मन, त्याला बरंवाईट कळत नाही. इंजिनात मळ साचलाय, डायनामो गेलाय, दोन्ही हेडलाइट लागत नाहीत. गाडी म्हणजे आपलं शरीर, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. नाथांच्या भारुडात विंचू चावतो, तो तरी कुठं खरा असतो? आणि नाथ जसे शेवटी 'एका जनार्दनीं' म्हणतात, तसं इथंही शेवटी नाव येतं : या कंडम गाडीचं आता काय करू, असा विचार अब्दुल करीम करतोय.

हे शाह अब्दुल करीम, तिकडचे लोककवी आणि गायक. 1916 साली सुनामगंजमधल्या दिराईजवळ, उजानधल गावात जन्मले. काळनी नदीकाठचा हाओरचा, म्हणजे सखल पाणथळ मुलूख, पावसाळ्यात शेतं बुडून गावांची बेटं होतात. लहानपणी लोकांची गुरं राखली, शाळा जवळजवळ नाहीच. गाणं मात्र सुटलं नाही. गावातल्या कर्मठांनी गाणं सोड म्हणून धरलं, हे ऐकेनात, तेव्हा गाव सोडावं लागलं. बायकोला ते लाडानं सरला म्हणत आणि तिलाच आपला मुर्शिद, म्हणजे गुरू, मानत. पूर्वी गावातली हिंदू-मुसलमान पोरं एकत्र बसून गायची, ते दिवस किती छान होते, हे त्यांचं गाणं तर सिल्हेटच्या माणसाला झोपेतही येतं. 2001 साली बांगलादेश सरकारनं एकुशे पदक हा मोठा सन्मान दिला. 2009 मध्ये ते गेले.

आता तुझं उत्तर. ही गाणी कागदापेक्षा तोंडातोंडीच जास्त फिरली. वाटेत रचणाऱ्याचं नाव गळून पडतं आणि मग कुणीतरी 'पारंपरिक' असा शिक्का मारून मोकळं होतं. नाव कडव्यातच गुंफलं की म्हणणाऱ्याला ते घ्यावंच लागतं.

पण मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरंच. चोखोबांनी देवाला आणि समाजाला जे सुनावलं, ते निनावी सुनावणं सोपं होतं. 'चोखा म्हणे' म्हटलं की बोल लावायला माणूस सापडतो. करीमांनाही तो लागलाच. ही कसली गं बढाई?

शिवाय नाव एकट्याचं असतंच असं नाही. एकनाथ आपल्या नावाला गुरूचं नाव जोडतात. जनाबाई स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवते. आणि ज्ञानोबा तर कितीतरी अभंगांत स्वतःचं सोडून 'बापरखुमादेवीवरु' म्हणत विठ्ठलाचंच नाव घालतात!

आपल्याकडे श्रीगोंद्याचे शेख महंमदही होते, मुसलमान आणि मराठी संतकवी. त्यांचेही अभंग नावानिशी आहेत. आजोबांच्या भजनी मंडळात त्यांचा एखादा म्हणतात का, विचार. म्हणत असतील तर पेटी-पखवाजासकट रेकॉर्ड करून पाठव. शेजारच्या रॅम्पवर ऐकवायचाय.

तुझा,
बाबा