व्हीलचेअरची तपासणी खळ्यात कर
फिजिओथेरपिस्ट म्हणून नवीन रुजू झाली आहेस, म्हणून सांगते. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर व्हीलचेअरने दहा मीटर किती सेकंदांत कापले, एवढ्यावरून कुणाची हालचाल ठरवू नकोस. आपल्या रत्नागिरीकडच्या घरांना उंबरा असतो, पुढे जांभ्याची पायरी, आणि पावसात शेवाळ धरलेलं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. तिथे बघ. उंबऱ्यापाशी पुढची छोटी चाकं उचलता येतात का? चाक ढकलायला बाहेरून जे कडं असतं, त्या ओल्या रिमवरून हात सटकतो का? टायरमधली हवा मात्र आधी तपास. हात रिमच्या माथ्यावर ठेवल्यावर कोपराचा कोन साधारण 100 ते 120 अंश हवा; नसेल तर आधी खुर्चीचं माप बघ, मग माणसाची ताकद. खांदा दुखतो का, हे आवर्जून विचार. आपणहून फार थोडेजण सांगतात.