बाभळी काढायच्यात, बकेट लावू का दाते?

प्रश्न : दादा नमस्कार. करमाळा तालुक्यात आमची वडिलोपार्जित सहा एकर जमीन आहे, वीस वर्षं पडीक, सगळी वेडी बाभूळ माजलीय, काही खोडं मांडीएवढी झालीत. आता लिंबू लावायचा विचार आहे. जेसीबीवाला तासाला 1,200 म्हणतो, पोकलेनवाला 2,200, आणि दोघंही म्हणतात बकेटनेच काढून देतो, दोन-तीन दिवसांत रान मोकळं. भाऊ म्हणतो जेसीबीच लाव, निम्म्यात होईल. काय करू?
– एक शेतकरी, करमाळा

उत्तर : भाऊंना सांगा, निम्म्यात नाही होणार. तासाचा दर बघूच नका, मुळासकट एक बाभूळ निघायला किती मिनिटं लागतात ते बघा. दोघांनाही अर्धा-अर्धा दिवस लावा, घड्याळ घेऊन बांधावर बसा आणि मोजा. मनगटाएवढ्या झुडपांत जेसीबी बरा चालतो, पण मांडीएवढ्या खोडाला तो चारी बाजूंनी उकरत बसतो, जॅक (मागचे टेकूचे पाय) लावा, उचला, पुढं सरका, परत जॅक लावा. 20 टनी पोकलेन तेच झाड जागेवरून हलवून काढतं. आणि दुसरी गंमत म्हणजे काटे. वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये गेला की तुमचा दिवस गेला, पंक्चरवाला शेतात येईपर्यंत ऑपरेटर चहा पीत बसतो (आणि मीटर चालू का बंद यावर भांडण). पोकलेनच्या चेनला काट्याचं काही नाही.

पण माझा खरा मुद्दा मशीनचा नाहीच, पुढं काय लावताय त्याचा आहे. बकेट हे माती उचलायला केलेलं भांडं आहे, त्याने झाड काढायला गेलात की ते माती उचलणारच, त्याचा काय दोष. हिशोब करा, एका एकरावरून फक्त एक इंच माती गेली तर ती होते 36 ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ट्रॉल्या मोजा किती होतात ते. आणि बकेटवाला एक इंचावर कुठं थांबतो. मी स्वतः या लाइनमध्ये नवीन होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाचं चार एकर बकेटने असं साफ केलं की रान टेबलासारखं दिसत होतं, मालक खूश, पेढे दिले, आणि पुढची दोन वर्षं तिथं ज्वारी गुडघ्याच्या वर आली नाही कारण वरची काळी माती सगळी बांधावरच्या ढिगात गेली होती. त्या ढिगावर मात्र तण छातीएवढं. अजूनही त्या रस्त्याने जाताना मी दुसरीकडं बघतो.

म्हणून पोकलेनला दाते लावायला सांगा. काही जण त्याला रेक म्हणतात, काही जण पंजा म्हणतात, नाव काहीही असो, वाकडी जाड पाच-सहा बोटं, मधे वीतभर फट. मुळी अडकते, माती फटीतून खाली पडते. तुमच्या पोकलेनवाल्याकडे नसेल तर एमआयडीसीतला फॅब्रिकेशनवाला बनवून देतो, फक्त साध्या पत्र्याची बोटं घेऊ नका, पहिल्याच मोठ्या खुंटाला वाकतात, टणक प्लेट वापरायला सांगा आणि टोकाला बदलता येतील असे टीथ बसवून घ्या. ऑर्डर देण्याआधी मशीनच्या पिनची जाडी आणि आर्मच्या टोकाची रुंदी मोजून न्या, बऱ्याच 20 टनी मशीनना 80 मिलिमीटरची पिन असते पण बऱ्याच म्हणजे सगळ्या नाही, आणि दोन मिलिमीटरचा फरक असला तरी तो पंजा भंगारातच.

मोठ्या खुंटांसाठी अजून एक वस्तू, रिपर. एकच मोठं नख असतं, दिसायला काहीच नाही. खोडाच्या तीन बाजूंनी रिपर खोल घालून मुळ्या तोडायच्या आणि चौथ्या बाजूला खोड ढकलायचं. आता इथं सगळे एक चूक करतात. लाकूडवाले किंवा कोळसा भट्टीवाले बाभूळ फुकट तोडून नेतो म्हणतात, आपणही खूश होतो, आणि ते जमिनीसरशी कापून नेतात. मग पोकलेनला धरायला काही राहतच नाही! त्यांना आधीच बजावा, तीन-चार फूट खोड ठेवा, फांद्या न्या. तेवढं खोड म्हणजे तुमची पहार आहे, त्याच्यावर जोर देऊन मूळ उपटायचं.

आणि मूळ उपटायचंच, कापून चालत नाही. वेड्या बाभळीचे फुटवे जमिनीच्या जरा खाली, खोड आणि मूळ जिथं जुळतात तिथून येतात, वरून कापलीत तर एकाच्या जागी सात-आठ फोक. निदान वीतभर खालपर्यंतचा गड्डा बाहेर आला पाहिजे. त्याच्याखालची मुळी राहिली तर राहू द्या, तिचं काही होत नाही. शेंगांचं बी मात्र मातीत कित्येक वर्षं टिकतं, शेळ्या-गुरं शेंगा खातात आणि लेंड्या-शेणातून बी पसरवतात, त्यामुळे पुढचे तीन-चार पावसाळे रोपं उपटत फिरावं लागेल, ते काम मशीनचं नाही, तुमचं.

वेळ कधीची? दिवाळीनंतर. वर वाफसा गेलेला, खाली थोडी ओल, मुळी न तुटता निघते. पोकलेनचा भार चेनवर पसरतो, चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास येतो, तरी ओल्या काळ्या रानात तो दिवसभर वळत राहिला तर खाली दगडासारखा थर बसतो आणि मग लिंबाची मुळी त्यावर आडवी पळते. मे महिन्यात उलटं, जमीन इतकी टणक की मूळ मधेच तुटतं.

एक राहिलं, रानात मधे चिंच, जांभूळ, आंबा असेल तर त्याला हात लावायच्या आधी परवानगी लागते, 1964 च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत ती झाडं आहेत. वेडी बाभूळ यादीत नाही. पण सातबारा एकदा नीट वाचा, कुठं वन असा शेरा नाही ना ते बघा, पोकलेन रानात आल्यावर वाचू नका.

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये असतो, मध्य टेक्ससमध्ये दहा एकर घेतलीय, मेस्किट आणि काटेरी झुडपं भरपूर. इथे चेनवाला छोटा लोडर भाड्याने मिळतो, मल्चर लावून शनिवार-रविवारमध्ये होईल असं मित्र म्हणतात. व्हिडिओत तर झाड क्षणात भुसा होतं. भाड्याने घेताना काय विचारायचं?
– एक वाचक, ऑस्टिनजवळ

उत्तर : योगायोग बघा, तुमचं मेस्किट आणि करमाळ्याची वेडी बाभूळ एकाच घराण्यातल्या. आपल्याकडे ती गोऱ्या साहेबाच्या काळात, 1870 च्या दशकात, अमेरिका खंडातूनच आली, त्यामुळे वरचं उत्तर तुम्हीही वाचा. व्हिडिओ खरा आहे, पण व्हिडिओ पुढच्या पावसाळ्यात काढलेला नसतो. मल्चर जमिनीच्या वरचं सगळं भुसा करतो, फुटवे खाली शाबूत. टेक्ससमध्ये हे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय, मोठ्या रँचवर दोन बुलडोझरच्या मधे जहाजाच्या नांगराची साखळी बांधून झाडं ओढायचे, तरी जी नुसती मोडली ती परत फुटली.

तरीही मल्चर वाईट नाही. पायवाट, कुंपणाची कडा, घराभोवतीची जागा, जिथं खोदायचं नाही आणि माती वाहून जाऊ द्यायची नाही तिथं तोच लावा, भुसा जमिनीवर पांघरूण म्हणून राहतो. भाड्याच्या दुकानात पहिला प्रश्न हाच, मशीन हाय-फ्लो आहे का? साधा फ्लो मिनिटाला 75 ते 90 लिटर तेल देतो, ड्रम मल्चरला बहुतेक वेळा 110 च्या वर लागतं. कमी फ्लोवर मल्चर लावलात तर ड्रम प्रत्येक खोडाला अडतो, तेल तापतं, आणि तुमचा शनिवार मशीन थंड होण्यात जातो. दुसरा प्रश्न, केस ड्रेनची (मोटरमधलं झिरपलेलं तेल टाकीत परत नेणारी) तिसरी बारीक पाइप जोडायला जागा आहे का, कारण ती न जोडता मोटर फिरवली की सील गेलंच, आणि ते बिल भाड्यापेक्षा मोठं. तिसरं, केबिनला जाड पॉलिकार्बोनेटची काच आहे का. लाकडाचा तुकडा गोळीसारखा येतो, शंभर मीटरच्या आत कुणी उभं नको, मुलं तर नाहीच, "बाबा कसं चालवतात" दाखवायला बोलावू नका प्लीज.

झुडपं अंगठ्याएवढी-मनगटाएवढीच असतील तर मल्चरपेक्षा ब्रश कटर घ्या, बऱ्याच साध्या फ्लोच्या मशीनवरही तो चालतो आणि स्वस्त पडतो. मोठी मेस्किट कायमची घालवायची असतील तर छोट्या एक्स्कॅव्हेटरने उपटा, किंवा कापल्या कापल्या लगेच खुंटावर औषध मारा, तिथं ट्रायक्लोपायर डिझेलमध्ये मिसळून मारतात, नेमकं प्रमाण टेक्सस ए अँड एमच्या कृषी विस्तारवाल्यांकडून घ्या, त्यांचा ब्रश बस्टर्स म्हणून कार्यक्रमच आहे. दर दोन-तीन तासांनी रेडिएटरची जाळी साफ करा, कोरडा पाला आत साठून आग लागते. आणि खोदायच्या आधी 811 ला फोन करा, जमिनीखालच्या पाइपा-तारा कुठं आहेत ते दाखवणारी तिथली सेवा आहे ती. तिकडे जमिनीखालून कुठं गॅसची पाइप जाईल सांगता येत नाही.

प्रश्न : माझं सेकंडहँड 20 टनी पोकलेन आहे, ब्रेकरची (खडक फोडायच्या हातोड्याची) तेलाची लाइन आधीपासून होती. लाकडं उचलायला ग्रॅपल (उघडझाप करणारा चिमटा) घेतला, बसवला, तर तो मिटतो पण उघडत नाही. विकणारा म्हणतो तुमच्या मशीनमध्ये फॉल्ट आहे.
– एक मशीन मालक, बीड

उत्तर : मशीन ठीक, ग्रॅपलही ठीक, लाइन चुकीची. ब्रेकरला तेल एका पाइपने जातं आणि दुसऱ्या पाइपने सरळ टाकीत परत येतं, म्हणजे एकेरी रस्ता. ग्रॅपलच्या सिलेंडरला मिटायलाही तेल दाबाने लागतं आणि उघडायलाही, दुहेरी रस्ता. तुम्हाला टू-वे किट बसवावी लागेल, परतीची पाइप टाकीतून काढून व्हॉल्व्हवर आणणारी. फिरणारा ग्रॅपल असेल तर अजून दोन पाइपा वेगळ्या. खर्च नको असेल तर ग्रॅपल विका आणि आर्मला फिक्स थंब लावून घ्या, लोखंडाचा एक अंगठा, तेल नाही पाइप नाही, बकेट किंवा पंजा त्याच्यावर मिटला की लाकूड पकडलं जातं. आमच्याकडे वर्षानुवर्षं तोच चालतो.

प्रश्न : राजापूरला सासूबाईंची कातळाची जमीन आहे, रानमोडी आणि करवंदाच्या जाळ्या. काजू लावायची आहे. जावई म्हणतात सगळं साफ करून सपाट करू. ऑगर (खड्डे पाडायचा गिरमिट) लावून खड्डे पटापट होतील का?
– एक वाचक भगिनी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, जांभ्यात ऑगर फिरत नाही, टोक झिजतं आणि खड्डा पडत नाही, तिथं ब्रेकरच. काजूला सात-सात मीटरवर दोन फुटी खड्डे, म्हणजे हेक्टरी दोनशेच्या आसपास, तेवढ्याच जागा मोकळ्या करा आणि मशीन जायला वाट. बाकी जाळ्या राहू द्या, सध्या तरी. उतारावर सगळं सपाट केलंत तर तुमच्याकडचा पहिल्या पावसाचा एक जोरदार दिवस पुरे, जी काय दोन बोटं माती कातळावर आहे ती व्हाळात. रानमोडी कोयत्याने कापून खड्ड्याभोवती पसरवा, पण फुलायच्या आधी. आणि ऐन, किंजळ दिसले तर ती त्या परवानगीच्या यादीतली झाडं आहेत, जावयांना आधी सांगून ठेवा, ऑपरेटर विचारत नसतो.