लायब्ररीच्या पुस्तक-देवघेवीच्या डेटावर पीएचडीचा टॉपिक घेताय? आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. लायब्ररी सायन्समध्ये पीएचडी, कोणत्या विभागाची मुलं कोणती पुस्तकं नेतात हा टॉपिक, सिनॉप्सिस मंजूर, आणि लायब्ररी म्हणतेय डेटा देऊ, काळजी करू नका. अहो ही माझीच गोष्ट आहे.

सॅम्पल, प्रश्नावली वगैरे तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही.

माझी चूक एकच, तोंडी होकारावर विसंबले. ज्यांनी हो म्हटलं ते ग्रंथपाल मनापासून म्हणाले होते, पण मी जाईपर्यंत ते निवृत्त झाले आणि ऑफिसचं एकच पालुपद, लेखी काय आहे? मग अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर, आठ महिने गेले यात. शेवटी फाइल मिळाली. दाखल क्रमांक, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा लायब्ररीतला नंबर, होता, पुस्तक दिल्याची तारीख होती, परत आल्याची होती, आणि सभासद क्रमांकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा! पुस्तक परत आलं की वाचकाची ओळख पुसायची अशी सेटिंग होती तिथे. कोहा या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे आणि ती असायलाच हवी, कोण काय वाचतं हे कुणाच्या हाती लागू नये, मी लायब्ररी चालवली तर मीही तशीच ठेवेन. संताप याचा की आठ महिन्यांत एकालाही हे सांगावंसं वाटलं नाही, माझी फेलोशिप संपत आली होती हो.

म्हणून आजच एका महिन्याच्या नोंदी नमुना म्हणून मागा. नावं नकोत, सभासद क्रमांकाऐवजी नुसता विभाग द्या म्हणा, आणि परवानगी पदाच्या सही-शिक्क्याने घ्या.

नाहीच मिळालं तर भांडत बसू नका. मी प्रबंधांच्या शेवटचे संदर्भ मोजायला घेतले, कोणत्या विभागात काय वापरलं जातं याचा अंदाज त्यातूनही येतो. पद्धत जुनी आहे, १९२७ मध्ये ग्रॉस आणि ग्रॉस यांनी एका केमिस्ट्री जर्नलच्या १९२६ च्या अंकांमधले ३,६३३ संदर्भ मोजले होते, कॉलेजच्या लायब्ररीने कोणती जर्नल्स घ्यावीत हे ठरवायला. अर्थात संदर्भ दिला म्हणजे वाचलंच असं नाही, आणि पदवीची मुलं यात दिसतच नाहीत, त्यामुळे टॉपिकचं शीर्षक बदलावं लागतं. त्याचे नियम प्रत्येक विद्यापीठात वेगळे, गाइडना विचारूनच करा. फक्त कुणी "मग वाचकांच्या समाधानाचा सर्व्हे करून टाका" म्हटलं तर माझं मत, नका करू. तसले ढीगभर झालेत आणि ते वाचून लायब्ररीचं एक कपाटसुद्धा हलत नाही.

आणि हो, आधीचं संशोधन शोधायला डेटाबेसमध्ये सर्च कराल तेव्हा सर्च स्ट्रिंग, म्हणजे टाकलेले नेमके शब्द, आणि तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा, महिन्याभराने तोच सर्च वेगळा आकडा देतो.

नमुन्याची फाइल आली की आधी सभासदाचा किंवा विभागाचा रकाना सॉर्ट करून बघा, बाकीचं नंतर. काय दिसतं ते इथे कळवा, मी बघते.